आजोबांची बाग आणि नातवाची शाळा

पांढुर्णा-सौंसरकडील संत्र्याच्या बागेत डिसेंबरात एखादा परका मनुष्य शिरला, तर बागवानाने झाडांची हेळसांड मांडली आहे, असाच त्याचा समज व्हावा. विहिरीत पाणी आहे. परंतु झाडांना ते मिळत नाही. पाने मलूल होऊन गळू लागतात. यास ‘ताण देणे’ म्हणतात. पुढे पाणी देऊन ताण तोडला, की जानेवारी-फेब्रुवारीत झाड आंबिया बहाराने फुलते.

ताण किती दिवस द्यावा, हे पंचांगात सापडत नाही. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो. काळ्या, भारी जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. अतिरेक झाला तर झाड खचते. घाई केली तर नुसती नवती फुटते, फुले येत नाहीत. म्हातारा बागवान पान चिमटीत धरून म्हणतो, “अजून थांब.” हे केव्हा म्हणावे, ते चार-पाच हिवाळे त्याच्या मागे फिरल्यावाचून नातवाला उमगत नाही. डोळा बांधण्याचेही तसेच. जंबेरीच्या खुंटावर तो जमिनीपासून वीतभर उंच बांधावा. खाली बांधल्यास ओल लागून डिंक्या रोग होण्याचे भय असते.

जुने ते सारेच जपावे, असे मात्र नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी गोटमारही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तीत माणसे जायबंदी होतात, प्राणही गेले आहेत. दगड मारणे मुलगा गर्दीत एका दिवसात शिकतो. त्यासाठी आजोबा लागत नाहीत.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. येथील पुष्कळ मुलांची शाळा हिंदी आणि घर मराठी. हिंदी त्यांनी उत्तम शिकावी, याविषयी दुमत नाही. परंतु ताण, आळे, खुंट, नवती हे शब्द शाळेच्या पुस्तकात कोठून यावेत? ते बांधावरच ऐकावे लागतात. आजोबा मराठीत सांगत आहेत आणि नातू अर्धेच समजून मान हलवीत आहे, अशी वेळ आली तर नुकसान बागेचेच होईल.

नाताळची सुटी नेमकी ताणाच्या दिवसांत येते. त्या आठवड्यात मुलांना सकाळी आजोबांबरोबर बागेत धाडावे, आणि पाने कशी पाहावयाची हे त्यांचे त्यांनाच विचारू द्यावे.