खोकला हंगाम संपेपर्यंत थांबत नाही



उसात काणीचे बेट दिसले की आपण ते त्याच दिवशी उपटून काढतो. पण तीन आठवडे खोकला राहिला तर म्हणतो, "हंगाम उरकू द्या, मग बघू." हंगाम चालतो चार-पाच महिने. फुप्फुसाच्या कर्करोगाला तेवढी सवड पुष्कळ होते.

या रोगाचे लबाडपण असे की फुप्फुसाला आतून दुखणे फारसे कळत नाही. गाठ वाढत जाते आणि माणूस शेतावर कामही करीत असतो. छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, आवाज घोगरा होणे, धाप, वजन उतरणे ही लक्षणे पुष्कळदा उशिराच दिसतात.

कारण मुख्यतः धूर. 1950 साली लंडनमध्ये डॉल व हिल या दोघांनी रुग्णालयांतून रुग्णांची चौकशी करून सिगारेटचा संबंध दाखवला. डॉल यांना आधी संशय होता रस्त्यावरच्या डांबराचा नि मोटारींचा! आकडे हाती येताच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. आपल्याकडे मुंबईत 1963 पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. तिच्या आधारे डॉ. जस्सावाला व जैन यांनी 1979 मध्ये मुंबईतील फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांवर निबंध प्रसिद्ध केला. "सिगारेट वाईट, बिडी आपली साधी" असे पारावर म्हणतात ते खोटे आहे. बिडी वारंवार विझते म्हणून झुरका जोरात ओढावा लागतो, आणि डांबरासारखा चिकटा छातीत जास्त जातो. सोडली तर मात्र फायदा होतो. दहा वर्षांत हा धोका साधारण निम्म्यावर येतो. बिडीऐवजी मिश्री लावणे हा काही उपाय नव्हे, तोंडाचा कर्करोग तिथे वाट बघत असतो.

बिडी न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो. बायाबापड्यांच्या छातीत चुलीचा धूर वर्षानुवर्षे जातो, तोही यात धरावा लागतो. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बाहेरच्या दूषित हवेलाही कर्करोगाचे कारण ठरवले. पाचट जाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ते सरीत कुजवले तर जमिनीचेही भले. (बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने होणारा छातीचा विकार वेगळा, तो कर्करोग नव्हे.)

सर्वांत मोठा घोटाळा होतो क्षयाशी. एक्स-रेवर डाग दिसला की टी.बी.च्या गोळ्या सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो, थुंकी तपासून घ्या. जंतू सापडले तर गोळ्या पुऱ्या करा. सापडले नाहीत किंवा गोळ्यांनी उतार पडला नाही, तर "पुढची तपासणी करा" असे डॉक्टरांना स्वतः म्हणा. पुढची म्हणजे सी.टी. स्कॅन, दुर्बीण व गाठीचा तुकडा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती बाळगू नये. रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा असते. उशिरा सापडला तरी औषधे, किरणोपचार आणि काहींना नव्या गोळ्या लागू पडतात.

लोकांना माहिती देऊन काय होते, असे कोणी विचारील. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत 1987 पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. गावोगाव माहिती दिल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे तिथे दिसले. फुप्फुसाचे काम याहून अवघड आहे, पण उशीर कमी करणे इथेही आपल्याच हाती आहे.

आता जाण्याचे. 1941 साली सुरू झालेले टाटा रुग्णालय परळला आहे. आपल्याकडच्या पुष्कळांचे भाऊबंद कारखान्यांतल्या नोकरीपायी कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात गेलेले. विठ्ठलवाडीला पाव्हण्यांकडे उतरले तर तिथून लोकलने दादर थेट गाठता येते. कल्याणला गाडी बदलायची गरज नाही, फक्त सकाळची गर्दी टाळा. आजारी माणसाला त्या गर्दीत उभे करू नये. मुक्कामाची सोय नसेल तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. सोबत जुने एक्स-रे, थुंकीचे कागद, रेशनकार्ड व आधारकार्ड न्यावे, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. बिडी सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा फुकटचा सरकारी फोन आहे.