निकालाच्या दिवशी कोणता आकडा धरायचा?

८ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी आठला हरियाणाची मतमोजणी सुरू झाली आणि तासाभरातच वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर काँग्रेसने बहुमताचा टप्पा ओलांडला. दिल्लीत पक्षाच्या मुख्यालयाबाहेर ढोल वाजू लागले, मिठाई वाटली गेली. दहाच्या सुमारास चित्र पालटले. मोजणी संपली तेव्हा ९० जागांच्या विधानसभेत भाजपचे ४८ आणि काँग्रेसचे ३७ आमदार निवडून आले होते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आकडे मुद्दाम सावकाश चढवले जात आहेत, अशी तक्रार काँग्रेसने त्याच दिवशी केली आणि आयोगाने ती फेटाळली.

सकाळी नऊचे कल म्हणजे जवळजवळ निकालच, हा समज अशा दिवशी फार महागात पडतो. मतमोजणीत आधी टपाली मते हाती घेतली जातात आणि यंत्रांवरची मोजणी त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू होते. विधानसभेच्या एका मतदारसंघासाठी साधारण १४ टेबले मांडलेली असतात, म्हणजे एका फेरीत १४ मतदान केंद्रांची यंत्रे मोजून होतात. मतदारसंघात ३०८ केंद्रे असतील तर फेऱ्या २२. यंत्रे केंद्रांच्या क्रमाने येतात, त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या बहुतेक वेळा मतदारसंघाच्या एकाच टोकाच्या असतात. तिथे ज्याचा जोर, तो पुढे दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडची लढत रात्री उशिरापर्यंत हेलकावे खात राहिली आणि अखेर बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. तिथे दुपारचा आकडा पाहून उठलेल्या माणसाला काहीच कळले नव्हते.

मग वाहिन्यांकडे आकडा आधी येतो तो कसा? अनेकांना वाटते की त्यांच्याकडे आयोगापेक्षा चांगली यंत्रणा असते. प्रत्यक्षात मतमोजणी केंद्रावरचे वार्ताहर, फेरीनंतरच्या घोषणा, उमेदवारांच्या प्रतिनिधींकडून बाहेर आलेली माहिती या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. वार्ताहर कष्टाळू असतात, पण त्यांच्या हातातल्या कागदावर कोणाची सही नसते. आयोगाच्या संकेतस्थळावर आकडा चढतो तो फेरीची बेरीज तपासून, निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक यांच्या सह्या झाल्यावर. हा आकडा मागे पडतो तो याच कामामुळे. निकालाच्या दिवशी ज्याला नीट माहिती हवी आहे, त्याने हा उशीर आनंदाने स्वीकारावा. प्रत्येक मतदारसंघापुढे किती फेऱ्या झाल्या आणि किती बाकी आहेत, हे त्या पानावर लिहिलेले असते. आघाडीच्या मतांपेक्षा ती माहिती अधिक मोलाची. २० पैकी ४ फेऱ्यांनंतरची ५,००० ची आघाडी आणि २० पैकी १९ फेऱ्यांनंतरची ५,००० ची आघाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टपाली मते नगण्य असतात, हाही असाच पक्का बसलेला समज. त्याला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघाने २०२४ मध्ये उत्तर दिले. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती. फरक अवघ्या एका मताचा! टपाली मते मात्र कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५० पडली, आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले.

याच मतदारसंघातून पुढे एक बातमी देशभर पसरली: मोबाइलवर आलेल्या ओटीपीने मतदान यंत्र उघडले गेले. निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेऊन खुलासा केला की यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते आणि त्याला ओटीपी लागतच नाही. ओटीपी लागत होता तो मोजलेले आकडे संगणकात भरण्याच्या प्रणालीत शिरण्यासाठी. मतमोजणी केंद्रात मोबाइल नेऊन वापरल्याचा गुन्हा खरोखरच नोंदवला गेला होता, आणि अफवेला बळ मिळाले ते या खऱ्या तपशिलामुळे. मूळ बातमी छापणाऱ्या वृत्तपत्राने चूक कबूल केली, पण तोवर ती असंख्य फोनवर पोहोचली होती. चूक झाल्यावर ती ठळकपणे दुरुस्त करणे ही विश्वासार्ह माध्यमाची एक खूणच म्हणायची. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर कोणी दुरुस्त करत नाही.

मतदानाच्या टक्केवारीवरून उठणारे वादळ जरा वेगळ्या जातीचे. महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के, अंतिम आकडा निघाला ६६.०५. मधली मते कुठून आली, हा प्रश्न विरोधी पक्षांनी लावून धरला आणि त्यावर राजकीय वाद अजून आहे. वाचकाने एवढे मात्र ध्यानात ठेवावे की पाचचा आकडा केंद्राकेंद्रांवरून विचारून जुळवलेला, तात्पुरता असतो. मतदान सहापर्यंत चालते आणि सहाला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यानंतरही मत देता येते. पक्का हिशेब असतो तो नमुना १७-सी मध्ये. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्यात एकूण मते लिहितो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतो. शंका घेणाऱ्याने आणि शंका खोडणाऱ्यानेही बोट ठेवावे ते या कागदावर.

मतदानोत्तर चाचण्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक चाचण्यांनी भाजपप्रणीत राष्ट्रीय लोकशाही आघाडीला (रालोआ) साडेतीनशेच्या पुढे नेले होते. ४ जूनला रालोआ २९३ वर आणि एकटा भाजप २४० वर थांबला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६-अ शेवटचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत या चाचण्या दाखवू देत नाही, म्हणून त्या एकदम धो धो कोसळतात आणि निकालाइतक्याच वजनदार भासतात. त्या नमुन्यावर बेतलेले अंदाज आहेत.

ज्याला आरडाओरड नको, त्याच्यासाठी आकाशवाणीची प्रादेशिक बातमीपत्रे आजही उत्तम. तिथे एका पडद्यावर आठ माणसे भांडत नाहीत आणि झालेल्या गोष्टीच सांगितल्या जातात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचे मतदारसंघनिहाय तक्ते तर कापून ठेवण्याजोगे असतात. यंत्रांविषयी किंवा मोजणीविषयी खळबळजनक संदेश आला, तर आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केलेले ‘मिथ व्हर्सेस रिअॅलिटी’ हे पान आणि बूम किंवा ऑल्ट न्यूज यांसारखी तथ्यतपासणी करणारी माध्यमे पाहावीत. आयोगही या वादांत एक पक्षकार असतो, त्यामुळे दोन्हीकडचे वाचलेले बरे.

महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचे निकाल भारत निवडणूक आयोगाच्या पानावर शोधून अनेक जण वैतागतात. त्या निवडणुका घेतो तो महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग, ही वेगळी घटनात्मक संस्था आहे. आणि लोकसभा-विधानसभेला आपल्या गल्लीतल्या केंद्रावर कोणाला किती मते पडली हे पाहायचे असेल, तर ते नमुना २० मध्ये मिळते. निकालानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार हे तक्ते येतात, केंद्र क्रमांकासह.