गोचीड भिंतीत असतो

कल्याणहून मुरबाड रस्त्याला लागलं की रायत्याला उल्हास नदी लागते. ती ओलांडून गोवेलीच्या पुढे एका पाड्याशी उतरलो, तेव्हा दुधाच्या किटल्या टेम्पोत चढून डोंबिवलीच्या रतिबावर निघाल्या होत्या. गोचिडांवर औषध मारायला आलेले जनावरांचे डॉक्टर त्याचीच वाट बघत थांबले होते. धार निघाल्याशिवाय औषधाची बाटली उघडायची नाही, हा त्यांचा पहिला नियम.

ऑक्टोबर लागला होता, भात कापणीला आलं होतं. पावसाची ओल आणि वरून ऊन, गोचिडांचे हे दिवस. गोठ्यात तीन म्हशी आणि दोन संकरित गाई. म्हशी डोहात लोळून येतात, त्यांच्या अंगावर फारसं काही नव्हतं. गायीची शेपटी डॉक्टरांनी वर उचलली आणि मी दोन पावलं मागे सरलो. शेपटीच्या मुळाशी, कासेच्या वर, मांडीच्या आत, कानात, गळ्याच्या पोळीखाली करड्या मण्यांसारखे गोचीड दाटीवाटीनं चिकटले होते. फुगलेली मादी वालाच्या दाण्याएवढी होते. रक्त पिऊन ती खाली पडते, फटीत शिरते आणि तिथं दोन-तीन हजार अंडी घालून मरते.

गोठ्याच्या मालकीणकाकूंनी सवयीनं एक गोचीड चिमटीत धरला. "काकू, ओढू नका, चिरडू नका हं," डॉक्टर चटकन म्हणाले. ओढून काढताना सोंड कातडीत तुटून राहते आणि तिथं पिकतं, हे एक. दुसरं अधिक गंभीर. काँगो ताप गोचिडातून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला होतो. भारतात तो पहिल्यांदा २०११ साली गुजरातेत आढळला आणि २०२० मध्ये शेजारच्या पालघर जिल्ह्यातही प्रशासनानं त्याबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. पालघर २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणजे हे फार लांबचं नाही.

औषध होतं अमिट्राझ, साडेबारा टक्के. एक लिटर पाण्याला दोन मिली, दहा लिटरच्या बादलीला वीस. डॉक्टरांनी सुई काढलेल्या सिरिंजनं मोजून घातलं, तसं पाणी दुधाळ झालं. गोठ्याचे मालक काका आजवर टोपणानं मोजत आले होते. "डॉक्टर, अजून दोन टोपणं घालू का? एकदाच मरू देत सगळे."

"काका, जास्त झालं तर गाय पेंगेल, खायची नाही, पोट फुगेल. कमी झालं तर अर्धमेले गोचीड वाचतील आणि त्यांच्या पिलावळीला औषध लागूच पडणार नाही." हे नुसतं दरडावणं नव्हतं. डेल्टामेथ्रिन या दुसऱ्या गोचीडनाशकाला न जुमानणारे गोचीड देशात बऱ्याच ठिकाणी नोंदले गेले आहेत. आणि घोडा असेल तर अमिट्राझ अजिबात नको, त्याची आतडीच थांबतात.

गाईंना आधी पोटभर पाणी पाजलं, म्हणजे त्या अंग चाटणार नाहीत. अंगावर जखम नाही ना, हे पाहिलं. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि वाऱ्याकडे पाठ. फवारा केसांच्या उलट दिशेनं, कातडी भिजेपर्यंत. एका गायीला तीन लिटरच्या वर पाणी लागलं. कानाच्या आत मात्र फवारा नाही, तिथं औषधात भिजवलेल्या कापडानं पुसलं. थोड्या वेळानं गोचीड पाय हलवत सुटू लागले. काकांचा चेहरा उजळला आणि ते पंप ठेवायला निघाले.

"आता खरं काम," डॉक्टर म्हणाले.

गव्हाणीखालची फळी उचलली. विटांच्या सांध्यात तपकिरी अंड्यांचे पुंजके आणि मोहरीहून बारीक पिल्लं. गायीवर दिसतात ते थोडे, बाकीची फौज इथं. जुनी गोणपाटं बाहेर काढून जाळली, फटींत औषध मारलं, सिमेंटनं लिंपायच्या जागांवर खडूनं खुणा केल्या. माझ्या मते सगळ्या सकाळीत महत्त्वाचं काम हेच होतं आणि गोठ्यागोठ्यांतून नेमकं हेच राहून जातं. गाय धुतलेली दिसते, भिंत कुणी बघत नाही.

हे सगळं मी इतकं टक लावून पाहत होतो, त्याला कारण आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोळी कुणीतरी भाजीवर मारायचं उरलेलं औषध कालवडीच्या अंगावर ओतलं, गोचीड जावेत म्हणून. तिच्या तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, पाय थरथरायला लागले, संध्याकाळी ती गेली. ओतणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बाटलीवर काय लिहिलंय, ते वाचून सांगणारं कुणी नव्हतं.

निघताना डॉक्टरांनी रिकामी बाटली भोकं पाडून बाजूला ठेवली, पंप धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतायला लावलं आणि संध्याकाळी धारेआधी कास स्वच्छ धुवायला सांगितली. मग गोठ्याच्या दारावर खडूनं पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहिली. आज अंड्यांत आहेत, ते तोवर बाहेर पडून गायीवर चढलेले असतील. तुमच्याकडे जनावर असेल तर शेतीचं औषध त्याच्या अंगाला लावू नका, मात्रा पशुवैद्यकाला विचारा, आणि ही दुसरी तारीख चुकवू नका.