हातच्याची वजाबाकी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक प्रायः दोनच कामांसाठी येतात. एक, ठेवीवर सध्या व्याज किती मिळते हे विचारायला आणि दुसरे, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून घ्यायला. दोन वर्षांपूर्वी माझी सांगलीची भाची साताऱ्यास आली ती तिसऱ्याच कामासाठी. बारावीला वाणिज्य शाखेत तिला चांगले गुण होते. घरातील सर्वांनी तिचे बी.कॉम. आणि पुढे सी.ए. असे परस्पर ठरवून टाकले होते. तिने मात्र येथील एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.साठी अर्ज भरला होता. ‘‘मामा, दोन वर्षे तुमच्याकडे राहू का?’’ एवढेच तिने विचारले. परंतु त्या प्रश्नामागे घरात पंधरा दिवस चाललेले महाभारत होते.

आमचे दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतात. माणूस अत्यंत सरळ. परंतु हिशेबाला पक्का. त्यांनी एका जुन्या पट्टीच्या पाठीवर मला आकडे मांडून दाखविले. दोन वर्षे अभ्यासक्रम, त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर यादी लागेपर्यंत प्रतीक्षा, आणि एवढे सारे पार पडल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मासिक 16,000 रुपये मानधन. ‘‘छत्तीस महिन्यांचे झाले 5,76,000. ते मानधन 2023 च्या आधी तर 6,000 च होते. तुम्ही बँकवाले आहात, सांगा, या धंद्याला तुम्ही कर्ज मंजूर केले असते का?’’

त्यांच्या अंकगणितात मला चूक सापडली नाही. मी एवढेच सांगितले की, ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला आहे. त्यामुळे एके काळी ओस पडू लागलेल्या या पदविकेला पुन्हा वजन आले आहे. दाजींनी मान हलविली. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिले वर्ष करून पाहावे, वर्गात उभे राहण्याचा अनुभव घ्यावा, तो मानवला नाही तर पुढील जूनमध्ये निमूटपणे बी.कॉम.ला प्रवेश घ्यावा. म्हणजे सर्व मदार पहिल्या वर्षीच्या सराव पाठांवर येऊन ठेपली.

आपल्या समाजात मुलांच्या परीक्षांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु शिक्षक होऊ पाहणाऱ्याला शिकविण्याची तयारी कशी करावी लागते, याची कल्पना फार थोड्यांना असते. मलाही नव्हती. या अभ्यासक्रमात दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. त्याला शालेय आंतरवासिता म्हणतात. पहिल्या वर्षी निरीक्षण आणि थोडे पाठ, दुसऱ्या वर्षी दीर्घकाळ मुक्काम. तत्पूर्वी वर्गमैत्रिणींनाच विद्यार्थी समजून सूक्ष्म अध्यापन करायचे. 1960 च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. पाचसहा मिनिटांचा पाठ आणि त्यात एकाच कौशल्याचा सराव: कधी प्रश्न विचारणे, कधी फलकलेखन, कधी उदाहरण देणे. चुका दाखविल्या जातात आणि तोच पाठ पुन्हा घ्यावा लागतो. आमच्या काळी बँकेत नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी रोखपालाच्या खिडकीशी बसवीत आणि दिवसअखेर रोकड कमी भरली तर ती त्याच्या खिशातून जात असे. त्या मानाने ही पद्धत मला फारच दयाळू वाटली.

त्यानंतर पाठ टाचणे आली. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, मूल्यमापन, गृहपाठ असे रकाने आखून तिने वहीची पानेच्या पाने भरली. शिक्षक काय बोलेल ते डावीकडे, विद्यार्थी काय उत्तर देतील ते उजवीकडे. मी ते वाचून म्हणालो, ‘‘मुले काय उत्तर देतील हे तुला आजच ठाऊक आहे?’’ ती हसली. तो प्रश्न मी थट्टेने विचारला होता. दोन दिवसांनी तो खराच ठरला.

पहिला पाठ साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत, इयत्ता तिसरीच्या वर्गावर, विषय हातच्याची वजाबाकी. पस्तीस मिनिटांच्या पाठाचे टाचण बारा मिनिटांत संपले. तिने फळ्यावर दोन उदाहरणे सोडविली आणि विचारले, ‘‘कळले का?’’ अठ्ठावीस मुले एका सुरात ‘‘हो’’ म्हणाली. मग तिने पाटीवर 52 मधून 27 वजा करावयास दिले. एकोणीस पाट्यांवर उत्तर आले 35. काही मुलांनी तर ‘सत्तावीस’ ऐकून 72 लिहिले होते. पाठ निरीक्षणाच्या वहीत शेरा पडला: ‘शिक्षिकेने सांगितले, विद्यार्थी शिकले असे दिसले नाही.’ सायंकाळी ती घरी आली ती जेवणाला ‘नको’ म्हणून खोलीत गेली. सूर्य मावळण्यापूर्वी दोन घास खाऊन घे, म्हणून माझ्या पत्नीने दोनदा दार वाजविले. परंतु त्या दिवशी तिला उपवास घडला. सांगलीहून आलेला वडिलांचा फोनही तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या 35 कडे शांतपणे पाहत बसलो. मुलांनी ते यदृच्छेने लिहिले नव्हते. एककात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्यांनी 7 मधून 2 काढले. दशकात 5 मधून 2 काढले. मोठ्यातून लहान वजा करावयाचे, हे त्यांना पहिलीपासून सांगितलेले. ते त्यांनी इमानाने पाळले. म्हणजे मुलांपाशी नियम होता, फक्त तो चुकीच्या जागी लावला गेला होता. आमच्या विद्यालयाच्या अध्यापकाचार्या तिला म्हणाल्या ते मला फार पटले: उद्याच्या पाठाची तयारी टाचणापासून करू नये, आजच्या चुकीच्या पाट्यांपासून करावी.

आणि ते 72? तेथे मात्र मला माझी शाखा आठवली. संगणक येण्यापूर्वी बचत खात्यांच्या लेजरचा ताळा जुळविण्यासाठी आम्ही रात्री उशिरापर्यंत बसत असू. ताळ्यात फरक आला की जुने हेडक्लार्क प्रथम त्या फरकाला 9 ने भागून पाहत. नि:शेष भाग गेला, तर बहुधा कोणीतरी अंकांची अदलाबदल केलेली असे. 72 आणि 27 यांतील फरक 45. भागा 9 ने. आपल्यापैकी ज्यांनी पेढीवर खतावणी केली आहे त्यांना ही युक्ती ठाऊक असेल. पदवीधर कारकुनांच्या हातून जी चूक होत असे, तीच आठ वर्षांच्या मुलांच्या हातून झाली, तर त्यांना मंद म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या चुकीचे मूळ आपल्या भाषेत आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र दोन आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली हे वाचकांना स्मरत असेल. मीही त्या टिंगलीत सामील होतो. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी या बदलाची कारणे शांतपणे समजावून सांगितली होती; ती तेव्हा मी नीट वाचलीही नव्हती. वास्तविक सांगली भागातील आपल्या अनेक घरांतून आजही कानडी बोलली जाते. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी, एक नंतर. जत तालुक्यात तर कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. माझी आजी बाजारहाटाचा हिशेब कानडीत का करीत असे, याचे उत्तर मला पासष्टाव्या वर्षी मिळाले.

त्या रविवारी दाजी साताऱ्यास आले. मुलीला परत नेण्याच्या तयारीनेच आले होते, असे मला वाटते. तसे ते बोलले नाहीत. दिवाणखान्यात भाची काड्या मोजून दहा-दहाच्या जुड्या रबरबँडने बांधीत बसली होती. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या म्हणजे बावन्न. सात काढायच्या आहेत, सुट्या तर दोनच. मग एक जुडी सोडावी लागते. दाजी थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘एवढा खटाटोप कशाला? गिऱ्हाइकाने बावन्न रुपये दिले, माल सत्तावीसचा. आमच्या दुकानातला पोऱ्या वजाबाकी करतो का? सत्तावीसवर तीन दिले, तीस झाले. वीस दिले, पन्नास झाले. दोन दिले, बावन्न झाले. हातावर किती पडले? पंचवीस.’’

भाचीने हातातील काड्या खाली ठेवल्या. ‘‘पप्पा, हे पुन्हा एकदा सांगा,’’ म्हणाली, आणि वही उघडली. मी दाजींना गेली अठ्ठावीस वर्षे ओळखतो. आपण काही शिकवीत आहोत, असा भाव त्यांच्या मुद्रेवर मी त्या दिवशी प्रथम पाहिला. संध्याकाळपर्यंत त्यांनी पुठ्ठ्याच्या दहाच्या नोटा आणि एकाची नाणी कापून दिली. दहाची मोड करून घेणे म्हणजेच हातचा, ही कल्पनाही त्यांचीच.

येथे थोडे विषयांतर करतो. अध्यापक घडविण्याचे काम या भूमीला नवे नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावचा. आणि कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच समाजात 1887 साली कुंभोज येथे जन्मले. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. 1919 साली कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये तिचे ठाणे साताऱ्यास आणले, हे सर्वांना माहीत असते. आपण त्यांच्या वसतिगृहाविषयी आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडल्याविषयी सभांतून ऐकतो. परंतु 1935 साली त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ काढले, याचा उल्लेख क्वचितच होतो. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. स्त्रियांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालयही निघाले. त्या काळी मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची, परीक्षा उतरलेला माणूस थेट मास्तर होऊ शकत असे. वाड्यावस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा काढायच्या, तर नुसती छपरे उभारून भागणार नाही, खेड्यात राहू शकेल असा शिकविलेला शिक्षक हवा, हे भाऊरावांनी ओळखले होते. आणि व्यापारी घराण्यांनी विसरू नये की, हे गृहस्थ साताऱ्यात प्रथम शिकवण्या घेणारे ‘पाटील मास्तर’ होते आणि नंतर किर्लोस्करांच्या नांगरांचे फिरते विक्रेते. गावोगाव नांगर विकताना जो माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसला, त्याला त्याचे मूल शाळेत का येत नाही हे कोणा अहवालातून वाचावे लागले नाही. दाजींना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, ‘‘त्यांची गोष्ट वेगळी.’’ मी वाद घातला नाही.

फेरपाठाच्या आधी भाचीने आणखी एक गोष्ट केली. ती दोन दिवस नुसतीच त्या वर्गात मागच्या बाकावर बसली. परिपाठ किती वाजता संपतो, खिडकीतून येणारा उजेड फळ्याच्या कोणत्या भागावर पडून अक्षर दिसेनासे होते, कोणाची आई ऊस तोडायला गेली आहे आणि कोण आजीजवळ राहते, कोण शेजाऱ्याच्या पाटीत पाहूनच लिहितो, हे तिने टिपून घेतले. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडची मुले टोळीबरोबर येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात. त्या वर्गातही तशी तिघे होती. अठ्ठावीस मुलांची नावे तिने घरी स्वयंपाक करताना पाठ केली. मला विचाराल तर टाचणाच्या दहा पानांपेक्षा हीच खरी तयारी होती. नावाने हाक मारलेले मूल सामुदायिक ‘हो’मध्ये लपू शकत नाही.

फेरपाठात तिने ‘कळले का’ हा प्रश्न विचारलाच नाही. वर्गात दुकान मांडले; चार दुकानदार, बाकीची गिऱ्हाइके, पुठ्ठ्याच्या नोटा. गोंगाट इतका झाला की शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून गेल्या. पस्तीस मिनिटांत तिचे टाचण अर्धेही झाले नाही. शेवटी पुन्हा पाट्या भरून घेतल्या; सहा मुले अद्याप चुकत होती. बीडकडच्या एका मुलाचे उत्तर मात्र वर्गात सर्वांत आधी आले, कारण मुकादमाशी उचल आणि फेड यांचा हिशेब तो बापाशेजारी बसून ऐकत आला होता. शेरा आला: ‘वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. संबोध स्पष्ट.’ पहिल्या वाक्याचे तिला वाईट वाटले. दुसरे वाक्य तिने सांगलीला छायाचित्र काढून पाठविले.

जून आला आणि गेला, बी.कॉम.चा विषय कोणी काढला नाही. सध्या ती दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेसाठी पाटण तालुक्यातील डोंगरातल्या एका द्विशिक्षकी शाळेत जाते. चार इयत्ता दोन खोल्यांत बसतात. एका इयत्तेला लिहायला देऊन दुसरीला शिकवावे लागते. पात्रता परीक्षा अजून व्हायची आहे, नोकरीची खात्री नाही आणि दाजींची ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात तशीच आहे. आकडेही तेच आहेत.

मात्र रोज सायंकाळी सौदे आटोपले की दाजींचा फोन येतो. हल्ली ते मुलीची प्रकृती विचारण्याआधी विचारतात, ‘‘आज पट किती भरला?’’ परवा तिने सांगितले, एकवीसपैकी सतरा. चौघे भातकापणीला गेले. दाजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मग त्या चौघांचा पाठ परत कधी घेणार?’’