मका पिकातील नत्र व्यवस्थापन

मका पिकातील नत्र व्यवस्थापन म्हणजे मक्याला नत्रयुक्त खत योग्य मात्रेत, योग्य वेळी व योग्य जागी देण्याची पद्धत होय. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी व परिसरात, तसेच मराठवाड्यातील इतर काळ्या जमिनींत, खताच्या मात्रेइतकेच ते देण्याच्या वेळेला महत्त्व आहे.

नत्राचा ऱ्हास

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीतील युरिएज या विकरामुळे युरियाचे रूपांतर अमोनियात होते. काळी जमीन बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असल्याने पृष्ठभागावर फेकलेल्या युरियातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने हवेत जाते. अतिवृष्टीनंतर भारी जमिनीत पाणी साचल्यास प्राणवायूच्या अभावी जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. हलक्या जमिनीत नायट्रेट पाण्याबरोबर मुळांखाली झिरपते.

मात्रा व हप्ते

खरीप मक्यासाठी महाराष्ट्रात हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही शिफारस प्रचलित आहे. संपूर्ण स्फुरद व पालाश पेरणीवेळी देतात. नत्र मात्र ४० किलोच्या तीन समान हप्त्यांत विभागतात : पेरणीवेळी, ३० दिवसांनी व ४० ते ४५ दिवसांनी. रोपावस्थेत पिकाची गरज अल्प असते. पीक गुडघाभर झाल्यापासून तुरा येईपर्यंत ती झपाट्याने वाढते. त्यामुळे सर्व नत्र पेरणीवेळी दिल्यास पिकाला गरज भासण्यापूर्वीच त्याचा बराच भाग वाया जाऊ शकतो.

नंतरच्या प्रत्येक हप्त्यासाठी हेक्टरी सुमारे ८७ किलो, म्हणजे एकरी सुमारे ३५ किलो युरिया लागतो. स्फुरदासाठी डीएपी वापरल्यास १३० किलो डीएपीतून सुमारे २३ किलो नत्र मिळते; ते पहिल्या हप्त्यातून वजा करावे लागते.

देण्याची पद्धत

तण काढून, जमिनीत वाफसा असताना, ओळीच्या बाजूला खत देऊन कोळपणीने ते मातीआड करतात. साचलेल्या पाण्यात अथवा कोरड्या जमिनीवर युरिया फेकणे टाळतात. पावसाचा खंड पडल्यास हप्ता वाफसा येईपर्यंत लांबवतात.

कमतरतेची लक्षणे

नत्र कमी पडल्यास प्रथम खालची जुनी पाने टोकाकडून मध्यशिरेलगत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात पिवळी पडतात. कणसे लहान राहतात व टोकाकडे दाणे भरत नाहीत. तुरा आल्यानंतर दिलेल्या खताने ही हानी पूर्णपणे भरून निघत नाही. जमिनीगणिक गरज बदलत असल्याने मात्रा माती परीक्षणानुसार ठरवणे इष्ट असते. या भागासाठीच्या पीक शिफारशी परभणी येथील, १९७२ साली स्थापन झालेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ देते.