क्रॉसवर शब्द कोणते हवेत?

एफसी रोडवर क्रॉसचं लॉकेट सहज मिळतं. काळ्या टी-शर्टवर भारी दिसतं म्हणून तुम्हीही घेतलं असेल. तुमच्या वर्गातली ख्रिस्ती मैत्रीण मात्र तोच क्रॉस येशूच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची खूण म्हणून घालते. पण श्रद्धेनं क्रॉस स्वीकारला, की त्याबद्दल काही विचारायचंच नाही का? आपल्या पुण्याशी घट्ट नातं असलेल्या एका बाईनं हे विचारलं होतं. पंडिता रमाबाईंनी.

१८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी त्यांचे पती वारले होते. पुढच्या वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. तिथेच दोघींचा बाप्तिस्मा झाला. नवा देश, नवा धर्म आणि आधार त्या सिस्टर्सचाच. अशा वेळी आपण काय करतो? गप्प बसतो, हो ना?

रमाबाई गप्प बसल्या नाहीत. क्रॉसवर लॅटिन शब्द असावेत, हे त्यांना पटेना. १८८४ मध्ये त्यांनी सिस्टर जेराल्डिनना पत्रातून सरळ विचारलं, लॅटिनमध्ये संस्कृतपेक्षा जास्त काय आहे? ब्राह्मण संस्कृतला देववाणी मानतात, तसं तुमचं लॅटिनचं आहे का? शब्द हवेच असतील, तर ते संस्कृतमध्ये असू द्या. ती पवित्र आहे म्हणून नाही, माझ्या देशाची सुंदर, जुनी भाषा आहे म्हणून.

लक्षात घ्या, त्यांनी क्रॉस नाकारला नव्हता. तो आपला वाटावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतच्या या पंडितेनं त्यासाठी निवडली साधी मराठी, साध्या बायकांना वाचता यावी अशी. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

तुमच्या गळ्यात क्रॉस असेल, ॐ असेल, नाहीतर हातावर एखादा टॅटू. घरच्यांनी दिला किंवा ट्रेंड आहे म्हणून घेतला, तरी हरकत नाही. फक्त त्याचा अर्थ एकदा तुमच्या रोजच्या भाषेत सांगून बघा. आणि अडलात, तर बिनधास्त प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्यानं श्रद्धा कमी होत नाही. रमाबाईंची झाली नव्हती.