राज्यशास्त्र म्हणजे पुढारीपणाचे शिक्षण नव्हे!

‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले. दहावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांपुढे पालकांच्या रांगा लागतात. मुलगा डॉक्टर व्हावा, मुलगी इंजिनिअर व्हावी, ही इच्छा रास्तच आहे. परंतु ज्याला गुण कमी पडले, तो नाइलाजाने कला शाखेकडे वळतो आणि तेथे ‘सोपा विषय’ म्हणून राज्यशास्त्र घेतो. घरचे विचारतात, “हे शिकून काय निवडणुकीला उभे राहायचे आहे?” मग गाईड पाठ करून पेपर लिहिला की विषय संपला!

हा समज आपल्या समाजाला परवडणारा नाही. ज्यांचे हक्क राज्यघटनेच्या कलमांतून आले, त्यांनीच राज्यशास्त्राला टाकाऊ विषय मानावे, यापरते नुकसान कोणते?

राजकारण वेगळे, राज्यशास्त्र वेगळे

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री दिले. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. सत्ता जवळ असूनही पाणी का मिळाले नाही? निर्णय कोण घेतो, कोणासाठी घेतो आणि त्याचा जाब कोणी विचारायचा? चौकातला माणूस असे प्रश्न रागाने विचारतो, राज्यशास्त्राचा विद्यार्थी ते पद्धतशीर विचारतो आणि उत्तराला पुरावा शोधतो. राज्य, शासन, सत्ता, कायदा, हक्क आणि कर्तव्ये यांचा शिस्तबद्ध अभ्यास म्हणजे राज्यशास्त्र. त्याच्या मुख्य शाखा आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरणांवरून पाहू.

१) राजकीय सिद्धांत आणि राजकीय विचार

राज्य का असावे? त्याची आज्ञा का पाळावी? समता म्हणजे काय? हे या शाखेचे प्रश्न. अभ्यासक्रमात ग्रीसचा ॲरिस्टॉटल येतो, कौटिल्य येतो. परंतु दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्तही याच प्रश्नाला हात घालते. लोकांत चोरी व भांडणे वाढली, तेव्हा लोकांनी आपल्यातूनच एकाची निवड केली आणि त्याच्या कामाबद्दल त्याला धान्याचा वाटा देण्याचे ठरवले. तोच ‘महासंमत’, म्हणजे सर्वांची संमती मिळालेला. राजा देवाने पाठविलेला नसून लोकांनी नेमलेला आहे, हा विचार येथे आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात भिक्खू संघाच्या कामकाजाचा दाखला दिला. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी दाखवून दिले. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला.

२) भारतीय शासन आणि राज्यघटना

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील प्रजेला प्रौढ मताधिकार नव्हता. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने १९५१-५२ च्या निवडणुकीत हैदराबाद राज्याचे मतदार म्हणून पहिले मत दिले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

घटनेतील एखादा शब्द घरात काय फरक करतो, तेही पाहा. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना मात्र १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. म्हणजे धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींचे दार बंद होते. ज्याला ही कलमे वाचता येतात, तोच असे दार ठोठावू शकतो.

३) तुलनात्मक राजकारण

एका देशाची व्यवस्था दुसऱ्याशी ताडून पाहिली की आपले बलस्थान आणि उणीव दोन्ही कळतात. अमेरिकेत काळ्या पुरुषांना १८७० मध्ये मताधिकार मिळाला, पण दक्षिणेकडील राज्यांनी वाचन-परीक्षा वगैरे अडथळे घालून तो हिरावला. १९६५ च्या कायद्यानंतरच तो खऱ्या अर्थाने हाती आला. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवरचा मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. भारताने मात्र प्रजासत्ताकाच्या आरंभीच स्त्री-पुरुष, शिक्षित-अशिक्षित असा भेद न करता तो दिला.

४) लोकप्रशासन

कायदा मुंबईत होतो, पण आपली गाठ पडते ती तलाठी, ग्रामसेवक, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्याशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावेच्या गावे नव्याने वसवावी लागली. कोणाला कोठे घर, किती जागा, यादी कोण करणार, हे सारे लोकप्रशासनच होय.

गायरानाचाच विषय घ्या. १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. परंतु कसणाऱ्याचे नाव गाव नमुना १-ई या अतिक्रमण नोंदवहीत आहे का, यावर बरेच अवलंबून असते. ही नोंदवही मागायची असते हेच ज्याला माहीत नाही, त्याने कोणत्या तोंडाने भांडायचे? २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे हा याच शाखेचा घरगुती पाठ आहे.

५) राजकीय समाजशास्त्र

जात, स्त्री-पुरुष भेद, जमीन यांचा सत्तेशी काय संबंध? त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तरीही अनेक गावांत खुर्ची बाईची आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा, असे चालते. लातूर लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उदगीर आणि देगलूर हे विधानसभेचे राखीव मतदारसंघ आहेत. जागा राखीव झाल्याने सत्ता खरोखर कोणाच्या हाती आली, हे ही शाखा तपासते.

६) आंतरराष्ट्रीय संबंध

युद्ध, तह, व्यापार, संयुक्त राष्ट्रे हा या शाखेचा विषय. तो आपल्यापासून दूर नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. गावकुसाचा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर कसा जातो, हे येथे शिकायला मिळते.

पालकांनी आणि तरुणांनी काय करावे?

संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत राज्यव्यवस्था सर्वांनाच अभ्यासावी लागते आणि राज्यशास्त्र ऐच्छिक विषय म्हणूनही घेता येते. अध्यापन, वकिली, पत्रकारिता, संशोधन हे मार्गही आहेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून या दोन्ही जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांसाठी उभे आहे. लग्नामुळे किंवा मजुरीमुळे शिक्षण सुटलेल्या भगिनींना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते.

ज्यांना पदवी घ्यायची नाही, त्यांनीही आठवड्यातून एक तास द्यावा. घरात राज्यघटनेची प्रत असावी. मुलांनी रोज एक कलम मोठ्याने वाचावे आणि मोठ्यांनी त्यावर प्रश्न विचारावेत. ग्रामसभेची नोटीस लागली की आई, बहीण, सून यांना बरोबर घेऊन जावे आणि ठराव लिहिला गेला की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र त्यांनी अभ्यासले. त्या अभ्यासाची फळे आपण आज भोगतो आहोत. तेव्हा राज्यशास्त्र गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर गरज आहे म्हणून शिका. मत देणारा हात आपला आहेच, आता त्या मताचा हिशेब मागणारी बुद्धीही आपलीच असली पाहिजे.